कारखान्याबरहुकूम रंग : एका जुन्या फियाटच्या निमित्ताने

जुनी मोटार पुन्हा उभी करताना रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, अशी रीत पडून गेली आहे. आधी इंजिन उतरवायचे, मग गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, वायरिंग बदलायचे आणि सरतेशेवटी गाडी पेंटरच्या ताब्यात द्यायची. तोपर्यंत डेंटरने जुना रंग गॅसच्या ज्योतीने जाळलेला असतो किंवा पत्र्यापर्यंत खरवडून काढलेला असतो. ही गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा कशी दिसत होती, या प्रश्नाचे उत्तर त्याच पापुद्र्यांत होते आणि ते झाडून बाहेर टाकले गेलेले असते. कारखान्याबरहुकूम रंग हवा असेल, तर पहिला पाना चालवण्याआधी रंगाचे काम सुरू झाले पाहिजे. या लेखातले सगळे विवेचन त्या एका आग्रहापोटी आहे.

हा विषय शास्त्राच्या पातळीवर नेला तो अमेरिकेतल्या मसल कार सांभाळणाऱ्यांनी. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून गाड्यांचा हा प्रकार सुरू झाला असे साधारणपणे मानले जाते आणि पुढच्या दहा वर्षांत बनलेल्या त्या गाड्यांचे आज इतके बारकाईने परीक्षण होते, की बोनेटखालच्या एखाद्या बोल्टवर रंग असायला हवा होता की नको, यावरही गुण कापले जातात. तिथे या कामाला भक्कम आधार आहे. क्रायस्लरच्या गाडीवर पत्र्याची एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर रंगाचा संकेतांक ठोकलेला असतो. १९७० च्या डॉजवर ‘एफसी७’ दिसले, की तो ‘प्लम क्रेझी’ हा जांभळा, त्यात वाद नाही. त्याच काळात जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरत होती, तर फोर्ड आणि क्रायस्लर भट्टीत भाजलेले इनॅमल. त्यामुळे नुसती छटा जुळवून भागत नाही, रंगाची जातही कंपनीनुसार ठरते.

आपल्याकडे खानदेशात मसल कार दुर्मीळ. धुळे-सोलापूर महामार्गावर चाळीसगावला एखाद्या गॅरेजच्या मागे, शेवग्याखाली उभी असलेली जुनी गाडी बहुधा फियाट, अँबॅसडर किंवा महिंद्राची जीप असते. मी इथे फियाट घेतो, कारण ती महाराष्ट्रातच घडली. याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या गेल्या आणि १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ ला ‘११०० डिलाइट’ आली, तिचीच पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. म्हणजे एकाच घराण्याच्या गाड्या चाळीसहून अधिक वर्षे निघत राहिल्या. या गाडीचा सांगाडा वेगळा नसतो. पत्र्याची पेटी हाच सांगाडा. त्यामुळे खालची फरशी, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ हे सगळे वरच्या बॉडीबरोबरच रंगकामातून जाते. अभ्यासकाला हे फार सोयीचे आहे, कारण मूळ रंग गाडीत अनेक आडबाजूच्या जागी शिल्लक असतो.

बरहुकूम म्हणजे नेमके काय

तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ज्या गाडीला कारखान्यानंतर कुणीही गन लावलेली नाही, तिचा रंग मूळ. असा रंग विटलेला, चिरलेला, जागोजागी उडालेला असला, तरी तो शक्यतो तसाच ठेवावा. तो पुन्हा तयार करता येत नाही. दुसरी अवस्था कारखान्याबरहुकूम : रंग नव्याने दिलेला, पण छटा, जात, थर, चकाकी आणि व्याप्ती या सगळ्यांत कारखान्याच्या कामाशी जुळणारा. तिसरी अवस्था आजकाल सर्वत्र दिसते. पत्रा आरशासारखा घासलेला, वरून क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक थराचे, दोन-तीन हात, डिकीच्या आतला कोपराही बाहेरच्या दरवाजाइतका चमकणारा. ती गाडी सुंदर असू शकते. पण कुर्ल्याहून अशी फियाट कधीच निघाली नव्हती.

कारखान्यातला माणूस वेळेशी बांधलेला असतो. समोरून पेटी सरकत येते, तिच्या दिसणाऱ्या भागांवर पूर्ण हात बसतो आणि न दिसणाऱ्या भागांवर जेवढा उडेल तेवढा. म्हणून चाकांच्या कमानीत रंग विरळ होत जातो आणि खालचा प्रायमर डोकावतो. फरशीच्या कडेला फवाऱ्याची धूळ बसलेली असते. दरवाजाच्या खालच्या ओठावर एखादा ओघळ असतो. वरच्या सपाट भागांवरही पेंटर ज्याला ‘ऑरेंज पील’ म्हणतात ती बारीक लाट असते. आजचा कुशल पेंटर हे सगळे दोष मानतो आणि त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. बरहुकूम कामात मात्र हीच माहिती आहे. ओघळ मुद्दाम पाडावा असे मी म्हणत नाही. पण कमानीत रंग जिथे विरळ होता तिथे तो विरळच राहू द्यावा आणि बाहेरची लाट घासून काच करू नये, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

इंजिनाच्या खोलीचेही तसेच. अमेरिकेत कित्येक इंजिने जोडणी पूर्ण झाल्यावर एकगठ्ठा रंगवली जात; त्यामुळे बोल्टची डोकी, गॅस्केटच्या कडा, पाण्याच्या पंपाचे तोंड सगळे एकाच रंगात येई. शेव्हरोलेचे नारिंगी इंजिन किंवा १९६६ नंतरचे फोर्डचे निळे इंजिन सुटे करून प्रत्येक भाग वेगळा रंगवला, तर रंग बरोबर असूनही काम चुकते. फियाट उघडताना हाच प्रश्न प्रत्येक सुट्या भागाला विचारावा : हा भाग रंगवल्यावर बसवला की बसवल्यावर रंगवला? स्क्रूच्या डोक्याखाली रंग आहे की उघडा पत्रा, एवढे पाहिले तरी उत्तर मिळते.

पुराव्यांची उतरंड

कागद, आठवणी, छायाचित्रे आणि गाडी स्वतः, असे चार साक्षीदार असतात. त्यांतला सर्वांत भरवशाचा शेवटचा.

आरसी बुकात रंगाची नोंद असते, पण ती बहुधा एका शब्दाची. ‘हिरवा’ म्हणजे कोणता हिरवा, हे त्यातून कळत नाही. इटलीत बनलेल्या फियाटवर मूळ रंगाचे नाव व क्रमांक सांगणारी पट्टी चिकटवलेली आढळते. कुर्ल्याच्या गाडीवर तसा आधार मिळेल असे धरून चालू नये. घरच्या माणसांची आठवण जिव्हाळ्याची असते, पण ती बहुतेक वेळा गाडी शेवटची जशी पाहिली त्या रंगाची असते. लग्नातल्या कृष्णधवल फोटोवरून गाडी दुरंगी होती की एकरंगी, व्हील कॅप होती की नाही, हे नक्की कळते. रंग मात्र कळत नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, त्यामुळे तिच्यावर लाल गाडी काळी उमटते. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून छायाचित्रात अख्खा देखावा उभा करणारे केकी मूस ज्या चाळीसगावात राहिले, तिथे करडी छटा डोळ्याला किती फसवते हे नव्याने सांगायला नको.

म्हणून गाडीकडे वळायचे. जिथे ऊन, पाऊस आणि पॉलिशचे कापड पोचलेले नाही अशा जागा शोधायच्या : दरवाजाच्या आतल्या पॅडमागे, काचेच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला, बिजागरीच्या पाकळीखाली, नंबरप्लेटमागे, स्टेपनीखाली. तिथला रंग हाच नमुना. मात्र इथेही एक सापळा आहे. जुन्या तेलयुक्त अल्किड इनॅमलचा, विशेषतः पांढऱ्या व मोतिया छटांचा, अंधारात राहून पिवळेपणा वाढतो. पॅड काढल्या काढल्या मोजणी केली, तर पांढरी गाडी क्रीम ठरते. तो भाग काही दिवस उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, उघडा ठेवला की हा पिवळेपणा बराचसा उतरतो. मोजणी त्यानंतर करावी.

उघड्या भागावर किती थर आहेत हे पाहायला वॉटर पेपर पुरतो. ४०० नंबरने रुपयाएवढ्या जागेवर उथळ खड्डा घासायचा, १००० नंबरने त्याच्या कडा गुळगुळीत करायच्या, ओल्या कापडाने पुसायचे. एकात एक वर्तुळे दिसतात. सर्वांत आत पत्रा, त्याभोवती प्रायमर, मग कारखान्याचा रंग, मग पहिल्या अपघातानंतरची पुट्टी, पुढच्या मालकाची आवड, एखाद्या निवडणुकीआधी घाईने मारलेला पांढरा. प्रत्येक वर्तुळाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावा. गाडीच्या निदान पाच-सहा जागी हे करावे, कारण एकच दरवाजा दुसऱ्या गाडीवरून आलेला असू शकतो. दरवाजाखाली निघालेला निळा बाकी कुठेच नसेल, तर तो त्या दरवाजाचा इतिहास आहे, गाडीचा नव्हे.

थराची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आता सहज मिळते. कारखान्याचा थर सहसा शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा तीनशेच्या पुढे गेला की वर दुसरा रंग किंवा खाली पुट्टी आहे असे समजावे. यंत्र नसेल तर चुंबक पुट्टीची जागा दाखवतो.

रंगाची जात

आपल्या गॅरेजांत गनने मारलेल्या कोणत्याही रंगाला ‘ड्यूको’ म्हणण्याची सवय आहे. पण या विषयात तीन जाती काटेकोरपणे वेगळ्या कराव्या लागतात, कारण त्या सुकतात वेगळ्या, चमकतात वेगळ्या आणि म्हाताऱ्याही वेगळ्या होतात.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, फक्त थिनर उडून सुकतो. त्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणून कितीही वर्षांनी थिनर लावला तरी तो पुन्हा विरघळतो. त्याचे थर पातळ, संख्येने पुष्कळ आणि चकाकी कंपाउंडने घासून आणावी लागते. भट्टीतले इनॅमल, म्हणजे अल्किड आणि मेलामाइन यांचे मिश्रण, साधारण १२० ते १३० अंश सेल्सियसला भाजल्यावर घट्ट जाळे बांधते. चकाकी त्याला जन्मतः येते. तिसरी जात हार्डनरची, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन), जी दोन घटक एकत्र आल्यावर पक्की होते आणि जिला आज सगळीकडे मान आहे.

ओळखायची सोपी पद्धत अशी. आडजागी, एनसी थिनरमध्ये भिजवलेला कापूस दाबून धरायचा. एनसी लगेच विरघळून कापसावर उतरतो. साधे सिंथेटिक इनॅमल मऊ पडते किंवा सुरकुतते. पीयूला काही होत नाही. भट्टीत चांगले भाजलेले इनॅमलही बराच वेळ तग धरते, म्हणून केवळ या चाचणीवर निकाल देऊ नये. ती थरांच्या खड्ड्याशी ताडून पाहावी. तळाशी भाजलेले इनॅमल आणि त्यावर एनसी निघाले, तर वरचा थर गॅरेजचा, यात शंका उरत नाही. दुसरी चाचणी पॉलिशची. पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासले आणि कापडाला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर नाही. जुन्या सपाट रंगांच्या गाड्यांवर क्लिअर नसायचाच. रंग आणि चकाकी एकाच थरात असत.

मग आज काय मारावे? ज्याने मूळ रंग इनॅमल असल्याचे सिद्ध केले, त्याला भट्टी हवी. पण काचा, रबर, वायरिंग, गाद्या असलेली गाडी १२० अंशांत घालता येत नाही आणि पूर्ण सुटी पेटी मावेल अशी भट्टी तालुक्याच्या गावी नसते. एनसी मारणे म्हणजे गॅरेजच्या इतिहासाची नक्कल, कारखान्याची नव्हे. माझा कौल थेट चकाकीच्या एकथरी पीयूला आहे : क्लिअरशिवाय, दोन मध्यम हात, आणि घासकाम फक्त कचऱ्यापुरते. यात रसायन आधुनिक असते, पण डोळ्याला दिसणारी चकाकी भट्टीतल्या इनॅमलच्या जवळ राहते. क्लिअरची खोल, पाण्याखाली असल्यासारखी झाक साठच्या दशकातल्या गाडीवर लांबूनही परकी दिसते.

छटा जुळवताना यंत्राचा आकडा हाती आला तरी डोळा बाजूला ठेवू नये. मोठ्या शहरांतल्या ऑटो पेंटच्या दुकानांत स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. तो नमुना आणि नवे मिश्रण यांतला फरक अंकात सांगतो, आणि तो अंक एकच्या आत असला तर सामान्य डोळ्याला फरक जाणवत नाही. पण जुन्या रंगातली रंगद्रव्ये आणि आजची रंगद्रव्ये वेगळी असतात. त्यामुळे ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला हिरवा दुपारच्या उन्हात निळसर होतो. मिश्रण पत्र्याच्या तुकड्यावर मारून, पूर्ण सुकवून, सावलीत, उन्हात आणि दिव्याखाली, तिन्ही ठिकाणी मूळ नमुन्याशेजारी धरल्याशिवाय डबा भरून घेऊ नये.

इथे आरोग्याचा मुद्दा मला कळकळीने मांडायचा आहे. जुन्या पिवळ्या, नारिंगी रंगांत आणि काही प्रायमरांत शिसे असते. २०१६ च्या नियमांनी शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घातली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. तुमच्या फियाटवरचा थर त्याच्या कित्येक वर्षे आधीचा आहे. तो कोरडा घासू नये, ओलाच घासावा, आणि ज्या अंगणात मुले खेळतात तिथे तर मुळीच नाही. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासावाटे गेले तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारा पेंटर स्वतःची फुप्फुसे पणाला लावतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क गाडीच्या मालकाने आणून द्यावा. रंगाच्या एकूण खर्चात तो सहज बसतो.

खानदेशची हवा

रंगाच्या डब्यावरच्या सूचना खानदेश डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नसतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असतो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. अशा वेळी थिनर गनमधून पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर उडतो, थेंब कोरडे पडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात उलटे. एनसीचा थिनर झपाट्याने उडताना पत्रा थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग पांढरट होतो. दिवाळीनंतर हवा अनुकूल होते, पण तोच जिनिंगचा हंगाम. कापसाची रुई हवेत तरंगत असते आणि ओल्या रंगावर येऊन बसते. म्हणून थंडीतली सकाळ निवडावी, जमिनीवर पाणी शिंपडावे, वाऱ्याच्या बाजूला ओला पडदा सोडावा. उन्हाळ्यातच काम करणे भाग असेल, तर संथ थिनर आणि संथ हार्डनर घ्यावा आणि गाडी आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवावी.

ऑगस्ट २०२१ अखेर तितूर नदीच्या पुराने चाळीसगावात पाणी शिरले. असे पाणी गाडीत शिरले, की दरवाजाखालच्या बंद पोकळीत चिखल जातो आणि पत्रा आतून कुजतो. अशा पोकळीत कारखान्याने काय मारले होते किंवा मारलेच नव्हते, याचा विचार करू नये. आत एपॉक्सी आणि मेण सढळ हाताने द्यावे. बरहुकूमपणाचा नियम दिसणाऱ्या पृष्ठभागाला लागू. बंद पोकळीत पत्रा वाचवणे हाच नियम.

टॅक्सी आणि कायदा

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून पूर्णपणे गेली. निवृत्त टॅक्सी घेऊन तिला खासगी गाडीचा रंग देण्याची हौस अनेकांना असते. ते बरोबर की चूक, हे खड्ड्यातली वर्तुळे सांगतील. काळ्याखाली दुसरा रंग असेल, तर गाडी नंतर टॅक्सी झाली आणि मूळ रंगाकडे जाण्यात हरकत नाही. काळाच तळाशी असेल आणि पिवळे छप्पर त्यावर आलेले असेल, तर ती टॅक्सी म्हणूनच जगली. तिचे छप्पर पिवळेच ठेवावे असे मला ठामपणे वाटते.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल नसावेत. नव्याने रंग दिल्याने ही अट मोडत नाही. पण संशोधनातून निघालेला मूळ रंग आणि आरसीवरचा शब्द वेगळे निघाले, तर रंग मारण्याआधीच आरटीओकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. थरांचे फोटो तेव्हा कामी येतात.

काम संपल्यावर दोन गोष्टी मागे ठेवाव्यात. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला विताएवढा जुना पत्रा सगळ्या थरांसकट न घासता सोडावा. आणि एका कागदावर मिश्रणाचे ग्रॅम, रंगाची कंपनी, थिनर, गनचे नोझल, हवेचा दाब, हातांची संख्या आणि तारीख लिहून, नमुन्याच्या पत्र्यासह तो आरसीच्या पाकिटात ठेवावा. गाडी विकली जाते तेव्हा नव्या मालकाकडे हमखास पोचते ते एवढे एकच पाकीट.